सोलापूर ते श्रीपाद: दोघांनी कमी खर्चात केलेला श्रीलंकेचा डोंगर (अनुभव आणि तुमचे प्रश्न)

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. "पासपोर्ट काढून ठेवलाय, आता जायचं कुठं" त्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की आम्ही दोघं श्रीलंकेत डोंगर चढून आलो, तेव्हापासून व्यनित (व्यक्तिगत निरोपात) तेच तेच प्रश्न येऊलालेत, किती लागले, गाईड घेतला का, सोलापूरचं माणूस थंडीत टिकतं का. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचा कंटाळा आला म्हणून सगळं इथंच ओतते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

डोंगराचं नाव श्रीपाद, इंग्रजीत ॲडम्स पीक, उंची २,२४३ मीटर. आपली कळसूबाई १,६४६, म्हणजे तिच्यापेक्षा जवळपास सहाशे मीटर जास्त. श्रीलंकेतला सगळ्यात उंच डोंगर हा नव्हे, तो पिदुरुतलागला, २,५२४ मीटर, पण लोकांची ओढ याच्याकडं. माथ्यावर खडकात एक पाऊल उमटलंय. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात आदमचं, काही ख्रिश्चन संत थॉमसचं म्हणतात, आणि सगळे त्याच पायऱ्यांनी दम खात चढतात.

ह्यांच्या डोक्यात आधी किनाबालू होता, बोर्निओतला, ४,०९५ मीटर. मी कागद-पेन घेऊन बसले. परमिट, सक्तीचा गाईड, वरच्या लॉजमधला सक्तीचा मुक्काम, शिवाय विमान. बेरीज बघून हे आपोआप गप झाले. मग इंडोनेशियातला रिंजानी निघाला, ३,७२६ मीटर, ज्वालामुखी, फोटो लई भारी, पण तिथंही परमिट आलं, ऑपरेटर आला. श्रीपादला यातलं काहीच नाही. तिकीट नाही, परमिट नाही, गाईड लागत नाही, तंबू लागत नाही. कारण हा ट्रेकवाल्यांचा डोंगरच नाही, यात्रेकरूंचा आहे. शेकडो वर्षं माणसं रात्रीची चढतायत म्हणून पायऱ्या आहेत, दिवे आहेत, रात्रभर चहा आहे, संडास आहेत. कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर जे असतं ते तिथं हंगामात रोज रात्री असतं. ती पंचेचाळीस किलोमीटरची चाल ज्यानं केलीय त्याला तिथलं वातावरण परकं वाटणार नाही, फक्त हा रस्ता उभा आहे.

हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत. एरवी पाऊस, वारा, जळवा, दिवे बंद, टपऱ्या बंद. आम्ही फेब्रुवारी धरला कारण जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, आणि ती सोडून बाहेर जायचं म्हणजे सासूबाई घरात घेणार नाहीत. जानेवारी ते मार्च तिकडं त्यातल्या त्यात कोरडं असतं.

आता जायचं कसं. सोलापूरहून चेन्नईला थेट रेल्वे आहे, चौदा-पंधरा तास. स्लीपरनं गेलो. चेन्नईहून कोलंबोचं विमान सव्वा तासाचं, बसून पट्टा लावेपर्यंत खाली उतरायची घोषणा. मुंबईहून उडायचं म्हटलं तर विमान महाग आणि आधी मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळाच. व्हिसा ऑनलाईन, ईटीए म्हणतात, मात्र सरकारी साइटवरूनच करा, सर्च केलं की आधी एजंटांच्या तसल्याच दिसणाऱ्या साइट वर येतात आणि दामदुप्पट घेतात. भारतीयांसाठी फीचे नियम मधून मधून बदलतात, भरायच्या दिवशी बघा.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे. बाहेर पडलं की टॅक्सीवाले घेरतात, त्यांना हसून नमस्कार करायचा आणि १८७ नंबरची बस धरायची, ती कोलंबो फोर्टला सोडते. तिथून बदुल्ल्याकडं जाणारी रेल्वे, उतरायचं हॅटनला. पाच तासाच्या आसपास. रिझर्वेशनचे डबे महिनाभर आधीच भरतात, आम्ही थर्ड क्लास जनरलमध्ये बसलो, आपल्याला जनरलची काय भीती. कोलंबी खोवलेले डाळवडे विकायला येतात, हे ते खात बसले, मी साधे उडीदवडे. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला चहाचे मळे, गाडी इतकी सावकाश की मळ्यातल्या बायकांशी डोळ्याला डोळा भिडतो. मळ्यात काम करणारी बहुतेक तमिळ माणसं, यांच्या पणज्या-खापरपणज्यांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतून नेलं. ह्यांना चेन्नईच्या नोकरीतलं मोडकं तमिळ येतं, त्याच्या जिवावर आम्हाला गाडीत जागा, केळी आणि एका आज्जींचा पत्ता एवढं मिळालं.

हॅटनहून नल्लथन्नियाला, म्हणजे पायथ्याच्या गावाला, बस, तीसेक किलोमीटर, पण वळणं इतकी की दीड-दोन तास जातात. हंगामात स्टेशनबाहेरूनच बस मिळते, नाहीतर मस्केलियाला बदलायची. वाटेत मौसाकेले धरणाचं पाणी दिसतं आणि एका वळणावर अचानक तो डोंगर, वर निमुळता होत गेलेला, एकटाच. मी ह्यांना म्हटलं, हा चढायचाय? हे म्हणाले, नाही, हा बाजूचा असेल.

नल्लथन्निया म्हणजे एक गल्ली. दोन्ही बाजूला गेस्टहाऊस, खेळणी, मिठाई, लोकरीच्या टोप्या. खोली साधी, गरम पाणी येतं की नाही ते आधी नळ सोडून बघा. जेवण संध्याकाळीच उरकलं, भात, परिप्पू म्हणजे त्यांची नारळाच्या दुधातली डाळ, पोल संबोल म्हणजे खोबऱ्याची लाल चटणी. शेंगाचटणी पिशवीतून बाहेर आली. मालकिणीला चाखायला दिली तर तिनं डोळे मिटून दुसऱ्यांदा हात पुढं केला, डबा निम्मा तिथंच संपला.

रात्री दोनला निघालो. खालून वर बघितलं की दिव्यांची माळ आभाळात चढत गेलेली दिसते आणि पोटात गोळा येतो. साडेपाच हजार पायऱ्या सांगतात, वाट सातेक किलोमीटर, उभी चढाई हजार मीटरच्या आसपास. सुरुवातीला सपाट आहे, फसू नका. मकर तोरणाची कमान, मग जपानी भिक्खूंनी बांधलेला शांती स्तूप, मग सीता गंगुला नावाचा ओढा, तिथं यात्रेकरू हातपाय धुतात, काहीजण त्या गारठ्यात अंघोळ करतात. पुढं इंदिकटुपहाना म्हणून जागा आहे, बुद्धानं तिथं चीवर म्हणजे अंगावरचं वस्त्र शिवलं अशी कथा, म्हणून पहिल्यांदा येणारे सुई-दोरा वाहतात आणि दोऱ्याचं एक टोक तिथं बांधून रीळ सोडत वर जातात. आमच्या पुढं एक कुटुंब होतं, पोरगी चार-पाच वर्षांची, बापाच्या खांद्यावर बसून तिनं रीळ धरलेलं, झोप अनावर होऊन मान बाजूला पडलेली पण मूठ घट्ट, आणि दोरा तिच्या मुठीतून सुटत चाललेला. मागची सगळी रांग तो दोरा तुटू नये म्हणून वाकून, बाजूनं, पाय उचलून चालत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

वर जाणारे आणि उतरणारे एकमेकांना "करुणावाई" म्हणतात, गाणं म्हटल्यागत, मग आम्हीपण सुरू केलं. शेवटचा टप्पा मात्र खरंच उभा आहे, लोखंडी कठडा धरून. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक घोट्याएवढी तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळं पायाला लय सापडत नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगते. लवकर वर पोचू नका. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. चारला पोचलात तर घामानं भिजलेल्या कपड्यात दोन-अडीच तास वाऱ्यात कुडकुडत बसाल, वर जागा थोडी, आडोसा कमी, आणि मंदिराच्या आवारात बूट काढायला लागतात, फरशी बर्फागत. आम्ही शेवटच्या टपऱ्यांपैकी एकीत तासभर चहा आणि गुळाचा खडा घेत बसलो आणि झुंजूमुंजू व्हायच्या बेतात वर गेलो. वर गेल्यावर कोरडा शर्ट, दोन मोजे, कानटोपी. आणि हो, हे घरून सोलापुरी चादर घेऊन आलते. दीड किलोचं ते ओझं सॅकमध्ये कशाला म्हणून मी चेन्नईपर्यंत बोलत होते. वर आम्ही दोघं त्या एका चादरीत होतो, आणि शेजारची जर्मन पोरगी तिचं टोक ओढत होती.

सूर्य उगवला की सगळे पूर्वेला मोबाईल धरतात. तुम्ही पाठ फिरवा. पश्चिमेकडं खालच्या धुक्यावर डोंगराची सावली पडते, अगदी काटेकोर त्रिकोण, माथा खडबडीत असूनसुद्धा. थोडा वेळच दिसते, मग आखडत आखडत पायथ्याशी येते. ज्यांना माहीत नसतं त्यांची हुकते.

माथ्यावर घंटा आहे, जितक्यांदा चढलात तितके टोल. आम्ही एकेक दिला. आमच्यामागच्या आजोबांनी सुरू केलं ते थांबेचनात.

खर्च: रेल्वे, विमान, राहणं, खाणं, तिकडचा सगळा प्रवास धरून आठवड्याभराचं दोघांचं साठ हजारांच्या आत बसलं, त्यातलं निम्म्याच्या आसपास फक्त विमान. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या जवळपास मिळतात, त्यामुळं बिलावरचा आकडा बघून छाती धडधडते, मग भागाकार करायचा आणि पाणी प्यायचं.

विचारा काय विचारायचंय ते.

सातरस्ता

लई भारी लिव्हलंय ताई. वाखु (वाचनखूण) साठवली. ते जर्मन पोरीला चादर दिली का नाय शेवटी?

कडकभाकरी

धागाकर्तीचा नवरा बोलतोय. चादर दिली नाही, पत्ता दिला चाटी गल्लीचा. आणि एक दुरुस्ती, "हा बाजूचा असेल" हे मी म्हणालो नाही.

चाटीगल्ली

म्हणालात. साक्षीदार बसचा कंडक्टर.

पुण्यातअडकलेला

किनाबालू सोडून श्रीपाद म्हणजे जरा सोपा पर्याय निवडला असं नाही वाटत का? पायऱ्या आहेत, दिवे आहेत, चहा आहे. याला हायकिंग म्हणायचं का? आम्ही हरिश्चंद्रगडला नळीच्या वाटेनं...

कडकभाकरी

ये बे एकदा. पायऱ्या असल्या की सोपं हे ज्यानं पायऱ्या चढल्या नाहीत तो म्हणतो. मातीच्या वाटेवर तू तुझं पाऊल ठरवतोस, लहान टाक, तिरका जा. पायरी तुला मुभा देत नाही, ती आहे तेवढा पाय उचलायलाच लागतो, आणि असं साडेपाच हजारदा. जुन्या काळी पायऱ्या नव्हत्या तेव्हा लोक साखळ्या धरून चढायचे, इब्न बतूता म्हणून मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात येऊन गेलाय, त्यानं त्या साखळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. तुला तसलं हवं असंल तर रत्नपुरा बाजूची वाट धर, पलाबद्दलवरून, बरीच लांब, जंगलातून, गर्दी नाही, जळवा मात्र आहेत. हॅटन बाजूनं चढून रत्नपुऱ्याला उतरणारेपण असतात, पण मग सॅक पाठीवर घेऊनच चढायची.

निळीपहाट

छान लिहिलंय. आमच्या विहारातून ज्येष्ठांचा ग्रुप गेला होता त्यात मी होते. आम्ही कँडीचं दंतधातू मंदिर आणि अनुराधापूरचा बोधिवृक्ष केला, सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं, बोधगयेहून नेलेल्या फांदीचा तो वृक्ष, त्याच्यासमोर बसलं की उठवत नाही. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, त्यामुळं आमच्यासाठी कँडीचं महत्त्व वेगळंच. श्रीपादला मात्र आमच्यातले थोडेच चढले. धागाकर्तीनं कँडी केलं की नाही ते लिहिलं नाही?

दोन गोष्टी जोडते. बुद्धमूर्तीकडं पाठ करून सेल्फी काढू नका, तिथल्या लोकांना ते फार लागतं. आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. तरुण मंडळी हाफ पँटवर चढतात आणि वर गेल्यावर टॉवेल गुंडाळायची वेळ येते.

चाटीगल्ली

निळीपहाट, केलं की. उतरल्यावर कँडीत मुक्काम केला, पण पाय असे धरलेले की दंतधातू मंदिराच्या चार पायऱ्यासुद्धा मी कठड्याला धरून उलटी उतरले. लिहायचं राहिलं ते चांगलंच झालं, तुम्ही नेमकं लिहिलंत.

टॉवेलवरून आठवलं, आपला सोलापुरी टर्किश टॉवेल अजिबात नेऊ नका. तिकडच्या दमट हवेत तो वाळतच नाही, वास मारतो. पंचा न्या.

भीमाकाठ

ताई विमान टाळून बोटीनं जाता येतं ना आता? नागपट्टिणमवरून सुरू झालीय असं वाचलेलं. बजेट अजून खाली येईल.

चाटीगल्ली

सुरू झालीय, पण ती बोट कांकेसन्तुरईला उतरवते, जाफन्याजवळ, म्हणजे देशाच्या पार उत्तर टोकाला. तिथून रेल्वेनं कोलंबोच्या दिशेनं खाली यायचं आणि परत डोंगराकडं वर चढायचं, त्यात पूर्ण दिवस जातो आणि वाचलेले पैसे वाटेत जेवणात जातात. शिवाय समुद्र खवळला की फेरी रद्द. वेळ भरपूर असेल आणि जाफना बघायचंच असेल तर जा, नुसतं पैसे वाचवायला नको.

ओढाळ

पौर्णिमेला गेलं तर जास्त मजा येईल ना? चांदणं वगैरे.

कडकभाकरी

चांदण्यात तुला समोरच्याची पाठ दिसेल बाबा. पौर्णिमेला तिथं सरकारी सुट्टी असते, पोया म्हणतात, सगळा देश डोंगरावर येतो. रांग इतकी हलत नाही की लोक सूर्योदय पायऱ्यांवरच बघतात. शनिवार-रविवारचंही तेच. मंगळवार, बुधवार धर. आणि पोयाच्या दिवशी दारू बंद, बहुतेक ठिकाणी मटण-मासळीपण मिळत नाही, तुझं वेगळं काही नियोजन असंल तर आधीच सांगून ठेवतो.

ओढाळ

माझं काही नियोजन नव्हतं हो. (होतं.)

डॉक्टरीणबाई

फिजिओ आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहिते, चालवून घ्या. चढताना दम लागतो तो दोन मिनिटं थांबलं की जातो. खरा मार उतरताना बसतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. धागाकर्तीची कँडीची अवस्था त्यातलीच. गुडघ्याचा पट्टा बांधून हे टळत नाही, सराव लागतो, आणि सराव चढायचा नाही तर उतरायचा.

सोलापूर सपाट, डोंगर आणायचा कुठून? जिना. एक मजला तीन मीटर धरला तर हजार मीटर म्हणजे तीनशे तेहतीस मजले. अकरा मजली इमारत असेल तर तीसदा. एका दिवसात करू नका, सहा-आठ आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि लोक काय करतात, चढतात पायांनी आणि उतरतात लिफ्टनं. उलट करायला पाहिजे. उतरताना टाच न आपटता, पूर्ण तळवा टेकवत, गुडघा किंचित वाकवून. काठी न्या, जमलं तर दोन.

सातरस्ता

आमच्या सोसायटीत लिफ्टच बंद आहे वर्षभर. म्हंजे मी आत्ताच श्रीपादला जाऊ शकतो.

चाटीगल्ली

हे डॉक्टरीणबाईंचं जायच्या आधी वाचायला मिळालं असतं तर! आम्ही सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारत होतो आणि हे पार्क स्टेडियमच्या पायऱ्या चढायचे. मी घरचा जिनापण चढ-उतर करायचे, गंमत म्हणजे तिथं भेटलेल्या शेजारीणबाईंना वाटलं आमचं भांडण झालंय म्हणून मी सारखी वर-खाली करतेय, त्या समजूत घालायला आल्या.

पेन्शनरकाका

वय सदुसष्ट. मधुमेह आहे, गोळ्या चालू, बीपी नॉर्मल. कोजागिरीची चाल दरवर्षी करतो, अजून तरी. आम्हा दोघांना जमेल काय? मिसेसचे गुडघे कुरकुरतात. प्रामाणिक उत्तर द्यावे, उत्साह वाढवू नये.

चाटीगल्ली

काका, तुम्ही विचारलंत म्हणून सरळ लिहिते. तुमचं जमेल असं वाटतं, काकूंचं अवघड आहे. वाटेत सत्तरीच्या आज्ज्या भेटतात, नातवंडांचा हात धरून, पण त्या घाईत नसतात. संध्याकाळीच निघतात, दर टपरीला बसतात, जरा डुलकी काढतात, पुन्हा चालतात. सूर्योदय गाठायचा हट्ट सोडला तर रात्र मोठी आहे. पण काकूंना चढता येईल, उतरायचं कसं? मध्येच पाय धरले तर डोली नाही, गाडी नाही. काकूंना नल्लथन्नियात ठेवा, शांती स्तूपापर्यंतची वाट फार अवघड नाही, तिथपर्यंत सकाळी फिरून येतील, आणि खालून डोंगर फार सुरेख दिसतो. शुगरचं म्हणाल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचाराच, खिशात खडीसाखर ठेवा, आणि माथ्यावर बूट काढलेले असताना तळव्यांना जपा, मोजे जाड घ्या. जेवणात गोडाचा त्रास नाही पण भातावर भात येतो, सकाळी भात, दुपारी भात, रात्री इडियप्पम म्हणजे परत तांदूळच. कडक भाकरी न्या सोबत.

पेन्शनरकाका

धन्यवाद. मिसेसनी हे वाचले. त्या म्हणतात तुम्ही खाली थांबा, मी जाते.

कडकभाकरी

काकूंना नमस्कार सांगा!!

भीमाकाठ

एक गंभीर मुद्दा. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दितवा चक्रीवादळानं श्रीलंकेच्या डोंगराळ भागाची वाट लावली, दरडी कोसळल्या, कित्येक जीव गेले, चहाच्या मळ्यातल्या वस्त्या गाडल्या गेल्या, रेल्वेमार्ग जागोजागी उखडला. धाग्यातला प्रवास त्याच्या आधीचा आहे ना? मग हॅटनपर्यंतच्या गाडीवर आत्ता विसंबून राहायचं का?

चाटीगल्ली

हो, आधीचा. चांगलं आठवण केलीत, मी वर लिहायला हवंच. निघायच्या आधी श्रीलंका रेल्वेच्या ताज्या सूचना बघा, आणि गेस्टहाऊसवाल्याला मेसेज करून विचारा, त्यांना खरी खबर असते. गाडी कुठपर्यंत जाते ते बघून पुढं बस. कोलंबोहून हॅटनला थेट बसपण असतात, वेळ तेवढाच लागतो, फक्त खिडकीतली मजा जाते आणि वळणावर पोट ढवळतं. आम्ही उतरलो होतो त्या मालकिणीला वादळानंतर मेसेज टाकला, त्या लोकांचं घर वाचलं, पण हंगामाची त्यांना काळजी होती. त्या गल्लीतली माणसं सहा महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढतात. जाता येत असेल तर जा, आणि मोठ्या हॉटेलाऐवजी अशा घरगुती ठिकाणी उतरा.

पुण्यातअडकलेला

वरचा माझा प्रतिसाद जरा आगाऊ होता, मागे घेतो. एक विचारायचंय. बायकोला घेऊन पहिल्यांदाच असा प्रवास करायचाय, ती म्हणते हॉटेल बरं नसेल तर मी येणार नाही. तुम्ही दोघांनी पैशावरून भांडण न करता कसं निभावलं?

चाटीगल्ली

भांडण न करता कोण म्हणालं? फोर्ट स्टेशनवर टॅक्सीवरून झालं, नल्लथन्नियात गरम पाण्यावरून झालं. पण एक गोष्ट आम्ही घरीच ठरवली होती. रोजचा खर्चाचा आकडा एक, आणि त्याच्यापलीकडं दोघांना एकेक "लाड". माझा लाड होता कँडीतली चांगली खोली, मऊ गादी, गरम पाणी, चढून आल्यावर. त्यांचा लाड होता खाणं, कोट्टू रोटी, ती तव्यावर खणखण वाजवत तुकडे करतात ती, दिवसातून दोनदा. दुसऱ्याच्या लाडाला किंमत विचारायची नाही असं ठरलेलं. तुमच्या बायकोला चांगलं हॉटेल हवंय ना, मग ते डोंगराच्या दुसऱ्या दिवशी द्या, आधी नको. आधी दिलं तर तिथून उठून रात्री दोनला कोण चालायला येतंय?

आणि सॅक दोघांची वेगळी. एकच मोठी बॅग घेतली की ती उचलायची कुणी यावरून निम्मी भांडणं होतात.

कडकभाकरी

चादर कुणाच्या सॅकमध्ये होती ते पण लिही.

चाटीगल्ली

जाताना ह्यांच्या. येताना माझ्या. पुढचा प्रश्न.

ओढाळ

सुरुवातीला भिक्खू वही पुढं करतात म्हणे, देणगीची, आधीच्यांनी मोठमोठे आकडे लिहिलेले असतात. किती द्यायचे?

कडकभाकरी

ऐच्छिक आहे. तुला वाटेल ते दे किंवा नुसता हात जोड आणि पुढं जा. वहीतले आकडे बघून लाजायचं नाही. सुट्टे मात्र ठेव भरपूर, संडासाला, चहाला लागतात, आणि वर जाता जाता चहा महाग होत जातो, कारण तो गॅस सिलिंडर कुणीतरी पाठीवर वाहून नेलेला असतो. तिथं घासाघीस करू नको.

सातरस्ता

ताई, चेन्नईच्या गाडीचं स्लीपर बघूलालोय, फेब्रुवारीचं दुसऱ्या आठवड्यातलं, वेटिंग अडतीस दाखवतंय. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं आहे. रिस्क घ्यावी का?

चाटीगल्ली

विमानाचं तिकीट आधी काढून रेल्वे नंतर बघितलीस होय? अडतीसवर बसू नकोस. रायचूर किंवा गुंतकलपर्यंत वेगळं तिकीट आणि तिथून पुढं दुसरी गाडी असं जुळतंय का बघ, नाहीतर बसनं हैदराबाद गाठ, तिथून चेन्नईला रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत. आणि एक दिवस आधी निघ, गाडी लेट झाली तर विमान थांबत नाही.